मिशन अडकलं की बघायचं कुठे? गेममधल्या ‘जर–तर’ अटींचं डिबगिंग

तुम्ही फोनवर एखादं मिशन खेळताय. सांगितलं ते सगळं केलंत, नकाशावरच्या पिवळ्या खुणेवर जाऊन उभे राहिलात, आणि काहीच होत नाही. पुढचा मेसेज नाही, ‘मिशन फेल’सुद्धा नाही. गेम हँग झालेला नसतो, कारण मागे गाड्या फिरतायत, लोक चालतायत. फक्त तुमचं मिशन जागच्या जागी थांबलंय. खेळणारा म्हणून आपण वैतागतो, अ‍ॅप बंद करून परत उघडतो आणि पुन्हा सुरुवातीपासून खेळतो. पण गेम बनवणारे तुम्हीच असाल तर?

मित्रांनो, हा लेख त्या दुसऱ्या बाजूने लिहिलाय. मी भाईंदर पूर्वेला, नवघर रोडजवळ राहतो. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून गोडोट या फुकट इंजिनवर एक छोटा गेम केला. गोडोटचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो, त्यामुळे त्यातलं बरंच काम फोनवरच झालं. गेममधल्या एका मिशनने आम्हाला जवळजवळ दीड महिना छळलं. त्यात सापडलेले बग इथे एकेक करून मांडतो, कारण यातला एकही बग फक्त आमचा नव्हता. मोठमोठ्या गेम्समध्येही हेच प्रकार निघतात.

आधी तीन शब्द: घटना, अट, कृती

कुठल्याही मिशनच्या मागे छोट्या छोट्या नियमांची यादी असते आणि प्रत्येक नियमाचे साधारण तीन भाग असतात. काहीतरी घडलं, ती घटना. घडलं तेव्हा अमुक गोष्ट खरी होती का, ही अट. खरी असेल तर काय करायचं, ती कृती. २००२ मध्ये आलेल्या वॉरक्राफ्ट ३ च्या नकाशा-एडिटरमध्ये ट्रिगर उघडला की हे तीन रकाने याच नावांनी दिसतात. त्याआधी १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये घटनेचा रकानाच नव्हता, फक्त अटी आणि कृती. इंजिन ठरावीक अंतराने सगळ्या अटी तपासत राहायचं. तिथला ट्रिगर एकदा चालला की संपला. पुन्हा चालायला हवा असेल तर ‘प्रिझर्व्ह ट्रिगर’ ही कृती मुद्दाम जोडावी लागायची. ती विसरल्यामुळे किती जणांचे नकाशे दुसऱ्या फेरीत गप्प बसले असतील देव जाणे.

जीटीए सान अँड्रियास २००४ चा आहे आणि डिसेंबर २०१३ मध्ये तो मोबाइलवर आला, म्हणून बहुतेकांना माहीत असतो. त्याच्या पीसी आवृत्तीत मिशन्सचा सगळा मजकूर ‘मेन डॉट एससीएम’ नावाच्या फाइलमध्ये असतो. सॅनी बिल्डर नावाच्या टूलने ती उघडली की आत लांबच लांब ‘जर अमुक, नाहीतर तमुक ओळीवर उडी मार’ असाच मजकूर दिसतो. एवढं मोठं शहर आणि एवढी गोष्ट, पण चालतं सगळं ‘जर’ आणि ‘नाहीतर’वर.

आमचं मिशन: तीन खोकी आणि एक टेम्पो

भाईंदर ईस्टला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने बरेच. गोडदेवच्या बाजूला गेलात तर गाळ्यांतून पत्रा कापल्याचा आवाज येतोच. मिशनची कल्पना तिथूनच आली. गाळ्यातून भांड्यांची तीन खोकी टेम्पोत चढवायची, टेम्पोत बसायचं आणि चार मिनिटांत जेसल पार्कला पोचायचं. टेम्पो ठोकला किंवा वेळ संपली की मिशन फेल. गाळ्यातला पोऱ्याही खोकी उचलायला मदत करतो, म्हणजे तुम्ही दोन चढवली तर तिसरं तो चढवतो.

मी लिहिलेला पहिला नियम असा होता:

घटना: खेळाडू टेम्पोत बसला
अट: खोकी = ३
कृती: घड्याळ चालू कर, “जेसल पार्क गाठ” दाखव

वाचायला काही चुकीचं वाटत नाही. मी स्वतः पंचवीस-तीस वेळा खेळलो आणि प्रत्येक वेळी चाललं. आमच्या ग्रुपमधली मैत्रीण मात्र नालासोपाऱ्याहून सारखी सांगायची, “अरे, परत अडकलं.” मी विचारायचो, “फोन कुठला आहे तुझा?” तिचा फोन जुना, रॅम कमी. मी ठरवूनच टाकलं की प्रॉब्लेम तिच्या फोनचा. तीन आठवडे मी हेच म्हणत होतो.

मग तिला एका गेम स्टुडिओत इंटरव्ह्यूला बोलावलं. स्वतःचं काम दाखवा म्हणाले, म्हणून तिने हाच गेम उघडला आणि मिशन त्यांच्यासमोर अडकलं. ती दोन मिनिटं टेम्पोत बसून राहिली. त्यांनी “नंतर कळवतो” म्हटलं आणि कळवलं नाही. एका बगमुळेच नोकरी गेली असं मी म्हणत नाही. पण तिने मला एक स्क्रीन रेकॉर्डिंग आधीच पाठवलेलं होतं आणि ते मी तोवर उघडूनही बघितलं नव्हतं, हे खरं आहे.

त्या रात्री बघितलं. त्यात फोनचा काहीच दोष दिसत नव्हता. ती दोन खोकी चढवायची, तिसरं पोऱ्या आणतोय हे बघून टेम्पोत जाऊन बसायची. अगदी शहाण्यासारखं. मी मात्र नेहमी तिन्ही खोकी चढवून मगच बसायचो, कारण नियम मीच लिहिला होता आणि ‘बरोबर’ क्रम मला पाठ होता.

अनाउन्समेंट आणि इंडिकेटर

घटना आणि स्थिती यांतला फरक समजायला भाईंदर स्टेशन पुरे आहे. “फलाट क्रमांक अमुकवर येणारी गाडी” ही अनाउन्समेंट एकदा होते. तेव्हा तुम्ही पुलावर असाल, कानात हेडफोन असेल, तर ती गेली. इंडिकेटरचं तसं नाही. तुम्ही कधीही मान वर करा, गाडी आणि वेळ तिथे लिहिलेलीच असते.

‘टेम्पोत बसला’ ही अनाउन्समेंट आहे, बसण्याच्या त्या क्षणीच होते. ‘टेम्पोत बसलेला आहे’ हा इंडिकेटर. माझ्या नियमात अनाउन्समेंट झाली तेव्हा खोकी दोन होती. अट खोटी निघाली, नियम झोपला. थोड्या वेळाने तिसरं खोकं आलं, अट खरी झाली, पण आता ती तपासायला कोणी जागंच नव्हतं. खेळाडूने खाली उतरून परत बसल्याशिवाय ती घटना पुन्हा घडणारच नव्हती.

वॉरक्राफ्ट ३ च्या ट्रिगरमध्ये हेच होतं. ‘युनिट या भागात शिरलं’ ही घटना असेल तर अट फक्त शिरतानाच तपासली जाते. गोडोटमध्ये ‘बॉडी एंटर्ड’ हा सिग्नलही शिरताना एकदाच मिळतो. शिरलेली वस्तू तिथेच बसून राहिली म्हणून तो परत परत येत नाही.

यावर उपाय दोन आहेत. पहिला: दर फ्रेमला स्थिती तपासा, ‘बसलेला आहे आणि खोकी पूर्ण आहेत’. सोपा आणि भरवशाचा, पण मग कृतीला कुलूप लावावं लागतं, नाहीतर घड्याळ सेकंदाला साठ वेळा नव्याने सुरू होईल. हे मी पहिल्या प्रयत्नात केलंही. घड्याळ ४:०० वर गोठलेलं, आणि मला वाटलं घड्याळच बिघडलंय. कुलूप म्हणजे एक साधा फ्लॅग, ‘प्रवास_सुरू’. तो ‘नाही’ असेल तरच कृती करायची आणि करताना लगेच ‘हो’ करायचा. दुसरा उपाय: अटीतला कुठलाही भाग बदलला, खोकं आलं किंवा खेळाडू बसला, की तपासणीचं तेच एक फंक्शन बोलवायचं. मी दुसरा ठेवला. मिशन्स वाढली की दर फ्रेमला शंभर अटी तपासणं जुन्या फोनला जड जातं.

नियम लिहिल्यावर एक कागद घ्या आणि घटना किती क्रमांनी घडू शकतात ते लिहा. आमच्याकडे तीन खोकी आणि एक बसणं. बसणं पहिल्या खोक्याआधी, पहिल्यानंतर, दुसऱ्यानंतर किंवा तिसऱ्यानंतर. चारच क्रम. तीस वेळा खेळून मी त्यातला एकच तपासला होता.

खोकी तीन, मोजली चार

हा बग निस्तरला म्हणून आम्ही खूश होतो. मग माझ्या मावसभावाचा फोन: “दादा, टेम्पो खड्ड्यातून गेला की मिशन बंद.”

मला हसू आलं. रस्त्यात खड्डे मीच टाकले होते, गेम खरा वाटावा म्हणून. टेम्पोच्या हौद्यावर एक अदृश्य चौकोन होता. खोकं त्यात शिरलं की मोजणी एकने वाढायची. खड्ड्यात टेम्पो उसळला की खोकंही उसळायचं, चौकोनाबाहेर जायचं आणि परत आत पडायचं. म्हणजे पुन्हा ‘शिरलं’. मोजणी चार. आणि जेसल पार्कच्या नियमात मी ‘खोकी = ३’ असंच लिहिलेलं.

पटकन सुचणारा उपाय म्हणजे ‘३ किंवा जास्त’. मीही तोच केला आणि दोन दिवसांनी मावसभावाने दोनच खोकी घेऊन मिशन पार करून दाखवलं. एक खोकं एकदा उसळलं की झाले तीन. त्याला मोठी मजा वाटली. अट सैल केल्याने चूक गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. खरी गडबड मोजणीत होती. शिरताना वाढवायचं आणि बाहेर पडताना कमी करायचं विसरायचं, यालाच काय म्हणायचं! शेवटी मोजणीच काढून टाकली. प्रत्येक खोक्याला नाव दिलं, आत असलेल्या खोक्यांची यादी ठेवली, शिरलं की यादीत नाव घालायचं, बाहेर गेलं की काढायचं. एकच नाव यादीत दोनदा येत नाही. किती आहेत ते हवं असेल तेव्हा यादी मोजायची.

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’

मिशन चालू राहण्याची अट होती: टेम्पो शाबूत आणि वेळ शिल्लक. फेल होण्याची अट याच्या उलट. मी प्रत्येक तुकडा उलटा केला आणि मधला ‘आणि’ तसाच ठेवला:

जर टेम्पो शाबूत नाही आणि वेळ शिल्लक नाही, तर मिशन फेल

परिणाम असा की टेम्पोचा चुराडा झाला तरी घड्याळ चालूच राहायचं. ‘अ आणि ब’ याचं उलट ‘अ नाही किंवा ब नाही’ असं होतं. तुकडे उलटे केले की जोडणारा शब्दही उलटा होतो. या नियमाला ज्याचं नाव आहे तो गणिती ऑगस्टस द मॉर्गन, आणि तो १८०६ मध्ये आपल्या मदुराईत जन्मला होता. शाळेत हे शिकवताना कोणी सांगितलं असतं तर कदाचित लक्षात राहिलं असतं.

‘किंवा’ घातला. टेम्पो फुटल्यावर मिशन फेल व्हायला लागलं, पण वेळ संपली तरी काही होईना. घड्याळात चक्क उणे चौदा सेकंद दिसत होते. कारण मी वेळ संपण्याची अट ‘वेळ = ०’ अशी लिहिली होती. वेळ दर फ्रेमला सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास कमी होते. ती ०.००९ वरून थेट उणे ०.००८ वर जाते, शून्यावर थांबत नाही. अपूर्णांकाला ‘बरोबर शून्य आहे का’ असं कधी विचारू नका, ‘शून्य किंवा कमी’ विचारा. एका बगच्या मागे दुसरा असा लपलेला असतो. पहिला काढल्यावर लक्षण तसंच राहिलं तर पहिला उपाय चुकलाच असं समजून तो परत फिरवू नका.

‘आणि’ व ‘किंवा’ एकाच ओळीत आले तर कंस घालाच. बहुतेक भाषांत ‘आणि’ आधी पकडला जातो. ‘पास आहे किंवा तिकीट आहे आणि गाडी आली आहे’ असं लिहिलंत तर पासवाल्याला गाडी नसतानाही चढता येईल. सान अँड्रियासच्या स्क्रिप्टमध्ये हा गोंधळ होऊच शकत नाही. तिथे एका ‘जर’मध्ये जास्तीत जास्त आठ अटी बसतात आणि त्या सगळ्या एकतर ‘आणि’ने किंवा सगळ्या ‘किंवा’ने जोडलेल्या असाव्या लागतात. मिसळायला परवानगीच नाही. लिहिताना जाच होतो, पण वाचताना डोकं शांत राहतं.

खरं, खोटं आणि ‘आता कधीच नाही’

मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग हा आहे, कारण इथे ‘हो–नाही’ पुरत नाही.

फ्रीस्पेस २ हा १९९९ चा अंतराळयुद्धाचा गेम. त्याचा सोर्स कोड २००२ मध्ये खुला झाला आणि चाहते तो आजही चालवतात. त्याच्या फ्रेड नावाच्या मिशन-एडिटरमध्ये तुम्ही अट लिहू शकता: ‘शत्रूचं जहाज नष्ट झालं का?’ आता समजा ते जहाज लढाई सोडून निघून गेलं. नष्ट झालं का? नाही. पुढे होईल का? तेही नाही, कारण ते आता मिशनमध्येच नाही. अशा वेळी त्या यंत्रणेत नुसतं ‘खोटं’ नसतं, ‘आता कायमचं खोटं’ असं वेगळं उत्तर असतं. त्यावर अवलंबून असलेली घटना कधीच घडणार नाही हे इंजिनला कळतं. पण तुम्हाला ते सुचलं नसेल, म्हणजे ‘निघून गेलं तर काय’ हा नियमच लिहिला नसेल, तर खेळाडू रिकाम्या आकाशात वाट बघत बसतो.

आमच्या गेममध्ये आकाश नव्हतं, पण टेम्पो होता. खेळाडू टेम्पो सोडून लांब चालत गेला की मेमरी वाचवायला गेम तो टेम्पो काढून टाकायचा. लांबच्या गाड्या अशा काढणं बऱ्याच ओपन-वर्ल्ड गेम्समध्ये चालतं. मग ‘टेम्पो फुटला का?’ नाही. ‘टेम्पोत बसलाय का?’ नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आणि टेम्पो जगातच नाही. वर, नसलेल्या वस्तूला प्रश्न विचारला की काही इंजिन्समध्ये गेम सरळ क्रॅश होतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी ‘ती वस्तू आहे का?’ आणि नंतर बाकीचे. आम्ही मिशन चालू असेपर्यंत तो टेम्पो काढायचा नाही अशी खूण लावली आणि तरीही गायब झालाच तर मिशन फेल, असा नियम जोडला.

माइनक्राफ्टच्या स्कोअरबोर्डमध्येही हे दिसतं. एखाद्या खेळाडूला गुण दिलेलेच नसतील तर त्याचे गुण शून्य धरले जात नाहीत. ‘गुण शून्य आहेत का?’ ही अटही तिथे फसते. आधी सगळ्यांना शून्य मिळवून घ्यावं लागतं, म्हणजे नोंद तयार होते.

एकाच फ्रेममध्ये जिंकला आणि हरला

घड्याळ संपण्याच्या नेमक्या फ्रेमला टेम्पो जेसल पार्कच्या चौकोनात शिरला तर? आमच्याकडे ‘शाब्बास’ आणि ‘मिशन फेल’ एकावर एक छापलेले आले, आणि पैसेही मिळाले. नियम यादीतल्या क्रमाने तपासले जातात, दोघांच्याही अटी खऱ्या होत्या, दोघेही चालले. मिशनला एकच ‘अवस्था’ द्या: तयारी, प्रवास, यश किंवा फेल. ‘प्रवास’ असेल तरच शेवटचे नियम तपासायचे आणि पहिला नियम चालला की अवस्था लगेच बदलायची. कोण आधी, हा तांत्रिक प्रश्न उरत नाही, तुम्ही ठरवायचं. आम्ही यश आधी ठेवलं. खेळाडूला संशयाचा फायदा.

शोधायचं कसं

बग सापडल्यावर सगळे शहाणे असतात. सापडेपर्यंत काय करायचं, ते सांगतो.

मिशन अडकल्यावर नुसतं “अट खोटी आली” हे कळून उपयोग नाही, कुठला तुकडा खोटा आला ते कळायला हवं. म्हणून चार तुकडे एका लांबलचक ओळीत लिहू नका. प्रत्येकाला नाव देऊन वेगळी ओळ द्या आणि शेवटी ते जोडा. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरात ते तुकडे सतत दाखवा: ‘बसला: हो, खोकी: २, शाबूत: हो, अवस्था: तयारी’. फोनवर कॉम्प्युटरसारखा कन्सोल बाजूला उघडून बसता येत नाही, त्यामुळे हा कोपरा म्हणजे तुमचे डोळे. शिवाय कोणी स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं तर ही सगळी माहिती व्हिडिओतच येते. हे मी आधी केलं असतं तर तीन आठवड्यांचं काम तीन मिनिटांत झालं असतं.

दुसरं, लॉग. दर फ्रेमला छापू नका, सेकंदाला साठ ओळी कोण वाचणार? किंमत बदलली तरच एक ओळ छापा आणि सोबत फ्रेमचा आकडा. मैत्रिणीच्या फोनवरून शेवटी आलेला लॉग असा होता:

फ्रेम १२०५: खोकी → २
फ्रेम १४१२: बसला → हो
फ्रेम १४१२: निघण्याची अट तपासली → खोटी (खोकी २)
फ्रेम १९८०: खोकी → ३

यानंतर काहीही नाही. शेवटची ओळ पुन्हा वाचा. खोकी तीन झाली आणि त्याच्या खाली ‘अट तपासली’ ही ओळ असायला हवी होती. ती नाही. लॉगमध्ये काय आहे त्यापेक्षा काय असायला हवं होतं आणि नाही, तिथे बोट ठेवा. अट तपासली जाऊन खोटी आली असेल तर चूक अटीत. तपासलीच गेली नसेल तर चूक घटनेत. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि बाहेरून लक्षण एकच दिसतं: काहीच होत नाही.

तिसरं, जबरदस्ती. कोपऱ्यात एक लपलेलं बटण ठेवा आणि त्याने फ्लॅग हाताने ‘हो’ करा. खोकी चढवत बसायची गरज नाही, थेट शेवटच्या पायरीवर जाता येतं. एखादा फ्लॅग जबरदस्तीने बदलल्यावर मिशन पुढे सरकलं तर दोष त्या फ्लॅगपर्यंत पोचणाऱ्या रस्त्यात आहे. नाही सरकलं तर त्याच्या पुढे. प्रत्येक वेळी शोधायची जागा निम्मी होते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी वैतागून एकदा रात्री चार गोष्टी बदलल्या, बग गेला, आणि कशाने गेला ते आजही सांगू शकत नाही. तो परत आलाच.

मोठ्या इंजिन्समध्ये यासाठी तयार सोयी असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये ज्या अनरिअल इंजिनवर आला, त्यात ब्लूप्रिंट नावाची चित्रांतून लिहायची पद्धत आहे. गेम चालू असताना जो रस्ता पकडला गेला ती वायर उजळून दिसते. ‘एकदाच चालव’ असा तयार ठोकळाही आहे, म्हणजे आमचं कुलूप. सान अँड्रियाससारख्या स्क्रिप्टमध्ये मात्र एक वेगळीच अडचण असते. अट सारखी तपासणाऱ्या फेऱ्यात ‘थोडं थांब’ ही सूचना विसरलात तर बाकीच्या गेमला वेळच मिळत नाही आणि सगळं गोठतं. म्हणजे गाड्या फिरत असतील आणि मिशन थांबलं असेल तर अट बघा, गाड्याही थांबल्या असतील तर फेरा बघा.

फोनवर सराव करायचा असेल तर

गेम बनवायची तयारी नसेल तरी हे शिकता येतं. मोबाइलवरच्या माइनक्राफ्ट बेडरॉकमध्ये चीट्स चालू करून नवीन क्रिएटिव्ह जग घ्या (त्या जगात अचिव्हमेंट्स मिळत नाहीत, म्हणून जुनं जग वापरू नका). कमांड ब्लॉक तीन प्रकारचे असतात: एकदाच चालणारा, सारखा चालणारा आणि साखळीतला. सारखा चालणारा, मध्ये वेळ ठेवली नसेल तर, प्रत्येक टिकला चालतो, म्हणजे सेकंदाला वीस वेळा. साखळीतल्या ब्लॉकला ‘कंडिशनल’ केलंत तर तो त्याच्या मागचा ब्लॉक यशस्वी झाला असेल तरच चालतो. इथे मागचा म्हणजे बाणाच्या उलट बाजूचा. वळणावर साखळी फिरवलीत की मागे भलताच ब्लॉक येतो आणि अट मोडते. ब्लॉक उघडल्यावर ‘मागचं आउटपुट’ दिसतं, तोच तुमचा लॉग. एक दार करा, जे दोन खेळाडू आत उभे असतील तरच उघडेल. मग एकाला आत येऊन बाहेर जायला सांगा. वर लिहिलेले निम्मे बग तासाभरात भेटतील.

सेव्ह फाइल: जी मला शेवटपर्यंत आठवली नाही

सगळं दुरुस्त करून नवीन आवृत्ती पाठवली आणि मावसभावाचा गेम उघडताच तो थेट जेसल पार्कला, टेम्पोशिवाय. तीन आठवड्यांचा त्याचा खेळ त्या सेव्हमध्ये होता. रडायचाच बाकी होता.

झालं असं की मी मिशनच्या पायऱ्यांना आकडे दिले होते आणि सेव्हमध्ये फक्त आकडा जात होता. दुरुस्तीत मी मध्ये एक पायरी घातली. जुनी चौथी आता पाचवी झाली, पण त्याच्या फाइलमध्ये चारच लिहिलेलं. जुना पत्ता, नवीन बिल्डिंग. शिवाय खोक्यांची यादी सेव्हमध्ये जातच नव्हती, म्हणजे जुन्या आवृत्तीतही मिशनच्या मध्ये सेव्ह करून गेम बंद केला असता तर अडकायचंच. ते तोवर कोणी करून बघितलं नव्हतं, एवढंच.

आता पायऱ्यांना आकड्याऐवजी नावं आहेत, सेव्हमध्ये आवृत्तीचा क्रमांक आहे, आणि फाइल उघडल्यावर गेम कुठल्याही घटनेची वाट बघत नाही. टेम्पो आहे का, आत कोणती खोकी आहेत, खेळाडू बसलाय का, हे आधी स्वतः बघून घेतो आणि त्यावरून पायरी ठरवतो. जुना आवृत्ती क्रमांक दिसला तर मिशन गाळ्यापासून सुरू करून देतो, बाकीचे पैसे आणि गाड्या तशाच ठेवून.

मावसभावाची फाइल मी हाताने दुरुस्त करून परत पाठवली. त्याने ती उघडली, दोन खोकी चढवली, आणि तिसरं यायच्या आत मुद्दाम टेम्पोत जाऊन बसला. मी मैत्रिणीलाही तीच आवृत्ती पाठवली होती. तासाभराने तिचं रेकॉर्डिंग आलं. या वेळी लगेच उघडून बघितलं.